बाकावरचं पोहणं

सातारा, ५ मे १९७५

चि. सौ. विजयमाला हिस अनेक आशीर्वाद. वि. वि.

शालनचं कार्ड येईपर्यंत इथं सर्व खुशाल होतं. सुट्टीला आत्याकडे पाठवलेल्या माझ्या पोरीला तू पाठीला सुका भोपळा बांधून विहिरीत ढकललीस? पोर आहे की घागर? काही बरंवाईट झालं असतं तर तोंड कुठं लपवलं असतंस?

पोहणं हे शास्त्र आहे. आमच्या शाळेच्या उन्हाळी शिबिरात हेडमास्तरांनी पोहण्याचा वर्ग माझ्याकडेच दिला आहे. पुस्तकातली चित्रं दाखवून, बाकावर पालथं घालून मुलांना हातपाय मारायला शिकवतो आहे. वीस तारखेला त्यांना माहुलीला कृष्णेत उतरवणार. शालनला विहिरीपासून लांब ठेव. ही विनंती नाही.

घरच्यांस नमस्कार.
तुझा दादा, नाथाजी

आष्टा, ९ मे

ती. दादास सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी हसले, मग अंगाची आग झाली. पोहण्याचा मास्तर, आणि तू! रहिमतपूरच्या आपल्या विहिरीची तिसरी पायरी तू जन्मात उतरला न्हाईस. आबांनी भोपळा बांधला तवा रडून गाव गोळा केलंस आणि जोंधळ्यात जाऊन लपलास. मी विसरले असं वाटलं व्हय रं? लोकासांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण!

ढकलली शालनला, व्हय. पण खाली पाण्यात मी हुते. नाकातोंडात पाणी गेलं, मला बोचकारलं, लय रडली. आता भोपळा नुसता नावाला हाय. दुष्काळात विहिरी आटल्या, म्हणून या वयाची सगळी पोरं पोहायची राहिली. आता पाणी आलंय. पोरं पाण्यात पडतील, बाकावर न्हाई.

तुझं एखादं पोरगं गटांगळ्या खायला लागलं तर काय करशील? काठावरनं पान वाचून दाखवशील? हेडमास्तरांना खरं सांग, न्हाईतर मी कळवते.

लोभ वाढावा असं लिहायची रीत हाय, म्हणून लिहिलं.
विजयमाला

सातारा, १३ मे

सौ. विजयमाला,

आशीर्वाद आवरून ठेवतो. शाळेत एक अक्षर कळवलंस तर भाऊबीजेला हे दार तुला बंद. सातवी नापास बाईनं मला शहाणपण शिकवू नये.

नाथाजी

आष्टा, १६ मे

दादास नमस्कार.

हेडमास्तरांना पत्र काल टाकलं. तुझ्या ओवाळणीवाचून मी मरत न्हाई, पण कुणाचं तरी पोरगं मरंल. दार लावून घे.

विजयमाला

सातारा, २२ मे

विजयमाला,

झालं तुझ्या मनासारखं! हेडमास्तरांनी पोरांना काठावर बसवलं आणि मला एकट्याला आधी उतरायला सांगितलं. कमरेइतक्या पाण्यात पायाखालची वाळू सरकली आणि मी बोंब ठोकली. नावाड्यानं दंडाला धरून बाहेर ओढला. पोरं पोट धरून हसली. वर्ग ड्रिलच्या मास्तरांकडे गेला. तुला मी कधी माफ करणार नाही.

त्याच पाण्यात मी ती पोरं उतरवणार होतो. ते काही डोळ्यांसमोरून हलत नाही.

रविवारी शालनला न्यायला येतो. तुझ्या हातचं पाणीसुद्धा पिणार नाही. भोपळा काढून ठेव, मोठा बघ. विहिरीवर माणूस नको. खाली पाण्यात तूच थांब, पण तोंडातून एक शब्द काढायचा नाही.

नाथाजी