एका दुपारचा गोठा

बुधवार, संध्याकाळ

कागदावर आमचा गोठा. आत मात्र उरवड्याच्या कारखान्याचा माल, म्हणजे भाड्यानं दिलेलं गोदामच. कुणीतरी तक्रार केली, म्हणून आज तहसीलचे साहेब पाहणीला आले. सकाळी ह्यांनी खोकी हलवली, गवत पसरलं आणि मला वरच्या वाडीत हिराकाकूंकडे दोन गायी मागायला धाडलं. ‘पुन्हा गुरं पाळणार आहोत,’ असं मी सांगितलं. का सांगितलं तसं? काकूंना केवढा आनंद झाला! स्वतः गायी घेऊन आल्या, बांधल्या, कपाळाला कुंकू लावलं. ते कुंकू बघून साहेबही हसले, ‘शेतीवापर’ लिहून गेले.

गाडी वळते न वळते तोच ह्यांनी दावी सोडली. खोक्यांचा टेम्पो दारात उभाच.

“ऱ्हाऊ द्या की आजची रात, नव्या जागंला रुळत्यात,” काकू म्हणाल्या. मग त्यांचं टेम्पोकडे लक्ष गेलं. मी नुसती त्या कुंकवाकडे बघत राहिले.

रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. गायी हाकताना माझ्याजवळ थांबल्या. “खरं सांगितलं असतंस, तरी दिल्या असत्या गं.”