बरणीचं झाकण आणि माझी साखर

ती. वन्सं,

दूध गॅसवर होतं, कपडे भिजवून झाले होते, केर निम्मा काढला होता, आणि मी कपाटातली स्क्रूंची बरणी काढून तिच्या झाकणाशी झटापट करत होते. नेहमीसारखीच सकाळ. दूध उतू गेलं, झाकण हललं नाही. मी मटकन खुर्चीत बसले, तर खुर्चीही कुरकुरली. तेव्हाच ठरवलं की आता वन्संना लिहायचंच. (नमस्कार राहिलाच की. वाकून करते आहे असं समजा. वाकल्यावर परत उठायला हल्ली वेळ लागतो, आणि पत्राचा विषय तोच आहे. तुमचे गुडघे कसे आहेत? गोळ्या घेता ना, की पिशवीतच ठेवता?)

तुमचे भाऊ गेल्यापासून दोन वर्षांत माझं नऊ किलो वजन उतरलं. भेटेल ती बाई विचारते, "काय छान बारीक झालात हो, काय करता?" आता नवरा जाणं हा उपाय काही कुणाला सुचवण्यासारखा नाही, म्हणून मी "चालते" एवढंच सांगते. मनातून मात्र वाटायचं, साखर जाड माणसांना होते, आपण सुटलो. मग वाचनालयातून एक आरोग्याचं पुस्तक आणलं. (मुद्दाम नव्हे. चौथीनंतर मी जे काही शिकले ते असंच, कपाटात हाताला येईल ते पुढचं पुस्तक घेऊन.) त्यात लिहिलंय की जेवणातली साखर रक्तातून उचलून घ्यायचं बरंचसं काम स्नायू करतात. वय वाढलं, माणूस बसून राहिलं, धड जेवलं नाही, की स्नायू झडतात. मग साखर उचलायला हातच कमी पडतात आणि ती रक्तात तशीच पडून राहते, हमाल न मिळालेल्या सामानासारखी. बारीक माणसाचीही यातून सुटका नाही. ते पान मी तीनदा वाचलं आणि जाऊन रक्त देऊन आले. साखर उंबरठ्यावर आहे, वन्सं. घरात आलेली नाही, पण चपला काढते आहे.

डॉक्टरीणबाई चांगल्या आहेत, माझ्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी मुठीत दाबायचं एक यंत्र दिलं. "दाबा आजी, जोरात." मी दाबलं. त्यांनी आकडा बघितला, मग मला बघितलं आणि विचारलं, "घरी सोबतीला कोण असतं?" आता तुम्हाला म्हणून सांगते, मी जोर लावलाच नव्हता. यंत्र दुसऱ्याचं, दिसायला नाजूक, मोडलं असतं तर काय तोंड दाखवलं असतं? (तुमच्या आईंनीच शिकवलंय, दुसऱ्याच्या घरचा पेला दोन्ही हातांनी धरायचा.) पण हे तिथे बोलायची लाज वाटली. त्यामुळे कागदावर ‘ताकद फार कमी’ असं लिहिलं गेलं आणि मी अशक्त आहे की नुसतीच भिडस्त, हे आता कुणालाच ठाऊक नाही. आता बाईंचा हुकूम असा: हात न टेकता खुर्चीतून दहा वेळा उठायचं, वजनं उचलायची, डाळी-अंडी खायची आणि गुरुवारी परत जायचं.

वजनं म्हणून मी वाचनालयातून शब्दकोशाचे दोन जाड खंड आणले. ग्रंथपाल चष्म्यावरून बघत म्हणाले, "बाई, हे दोन्ही वाचणार?" मी म्हटलं, "हो, सकाळ-संध्याकाळ दहा-दहा वेळा." आता ते मला बघून उठून उभे राहतात.

खुर्चीचं मात्र जमेना. पक्की खुर्ची घरात एकच, तुमच्या भावाची, आणि तिचाही मागचा पाय डुगडुगतो. चौथ्या वेळी मी वर गेले आणि ती डावीकडे गेली. पायाला लागणारा स्क्रू बरणीत, आणि बरणीचं झाकण तुमच्या भावाने लावलेलं! त्यांनी लावलेलं झाकण म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक आहे. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात मी तेलाची बरणी उघडून घ्यायला शेजारी गेले होते, तेव्हा सगळ्यात जास्त तुम्हीच हसला होता. वरच्या मजल्यावरचा फिटर म्हणाला, "द्या काकू, एका झटक्यात उघडतो." मी बरणी पोटाशी धरली आणि ओरडले, "हात लावू नकोस!" बिचारा दोन पायऱ्या मागे सरकला. तेव्हापासून माझी विचारपूस जरा लांबूनच करतो.

काळजी करू नका असं लिहिणार होते. पण मीच दिवसभर करते आहे, तर तुम्हाला कोणत्या तोंडाने मनाई करू?

तुमची वहिनी

ता. क. खरं काम लिहायचं राहिलं. गुरुवारी माझ्याबरोबर दवाखान्यात याल का? बाकडं तेच आहे. त्यांचे साखरेचे रिपोर्ट मांडीवर घेऊन मी त्याच्यावर अकरा वर्षं बसले. शेवटी शेवटी त्यांना तिथून उठवायला दोन माणसं लागायची. मला एकटीला तिथून उठता येईल की नाही, कळत नाही. आणि हे काही स्नायूंचं नाही.

ता. क. पुन्हा. काल पत्र पेटीपर्यंत नेलं आणि परत आणलं, कारण वर एक खोटं लिहिलंय. झटापट वगैरे काही झाली नव्हती. यंत्राचं तेच बरणीचं, मी जोर लावलाच नव्हता. त्यांच्या हातचं घरात तेवढंच एक झाकण उरलं होतं. आज सकाळी बरणी नीट हातात धरली. झाकण दोन बोटांनी फिरलं. घट्ट नव्हतंच, वन्सं. शेवटच्या महिन्यात त्यांच्या हातात तेवढाच जोर राहिला होता. तुम्ही गुरुवारी या, जमेल तसं. मी स्क्रू काढला, खुर्चीचा पाय बसवला आणि हात न टेकता दहा वेळा उठले.