इंदूच्या दुखण्याचे मूळ

आश्विन शु. ३, चिखली
शाळेतून आलो तरी इंदू मागच्या खोलीतच. आक्काला विचारले, अजून बाहेरची?
"बायकाईच्या गोष्टी, तू काऊन विचारतं?" मग स्वतःच हळू, "बापू, चार दिवसांत आटपते ते. हिचं थांबूनच नाही राह्यलं. धडुते धुऊन धुऊन माहे हात गेले."
इंदूची आई असती तर हे माझ्यापर्यंत आलेही नसते. गोदू गेल्यावर घर या विधवा बहिणीवरच.

आश्विन शु. ६
वैद्यबुवांनी लांबूनच जीभ, डोळे पाहिले. उष्णता म्हणाले. दूर्वांचा रस, अशोकाच्या सालीचा काढा. मागच्या महिन्यातही हेच. इंदू मुकाट्याने प्याली. ओठ पिठासारखे पांढरे. वर्गात दिवसभर काय शिकवले, आठवत नाही.

दसरा
दुपारी मोरीपाशी इंदू चक्कर येऊन पडली. आक्का सोवळ्यात, पुढे होईना. मी उचलली. पंधरा वर्षांची पोर, हाताला वजन लागले नाही. लुगडे भिजलेले. इंदूने डोळे मिटून घेतले, मला पाहून लाजली असावी.
"आंघोळ कर बापू."
केली नाही.

आश्विन व. १
सरकारी दवाखाना. डॉक्टर म्हणाले, कोवळे वय, लग्न झाले की बसेल. लोहाचे औषध दिले. आक्काला लग्नाचे तेवढे पटले. मोताळ्याहून विचारणा आहेच, घर चांगले, मुलगा शिकलेला.
गेले दोन दिवस जरा कमी होते. आज पुन्हा...

आश्विन व. ६, अकोला
मोटारीने खामगाव, पुढे आगगाडी. इंदू सारा वेळ आक्काच्या मांडीवर डोके ठेवून. बायकांच्या दवाखान्यातली डॉक्टरीणबाई वयस्क, मराठी बोलणारी. आत तपासून बाहेर आली आणि मलाच विचारू लागली. लहानपणी नाकातून रक्त यायचे? यायचे. दात पडले तेव्हा? उशी भरली होती. अंगावर काळेनिळे डाग? आक्का म्हणाली, हाव, कुठं जरा लागलं की.
मग इंदूच्या कानाच्या पाळीला सुई टोचली. टिपकागद लावायची, काढायची. लाल ठिपका लहान व्हायचे नावच घेईना. कागद संपला, दुसरा घेतला. मी भिंतीकडे पाहत राहिलो.
शेवटी, "हिच्या आईला असा त्रास होता?"
गोदूच्या हिरड्यांतून रक्त यायचे, राखुंडीने येते समजत होतो. दुसऱ्या बाळंतपणात गेली. रक्त थांबले नाही, बाळही नाही राहिले. हे सगळे सांगताना प्रथमच एका ओळीत आले.

आश्विन व. ७, अकोला
बाई म्हणाली, गर्भाशयात दोष नाही. रक्तच लवकर गोठत नाही. आईकडून आले. उष्णता नाही, बाधा नाही, कोणी काही केले नाही.
औषध?
"मुळावर नाही. विश्रांती, लोह, काळजाचा रस्सा. फार जाऊ लागले तर इकडे आणा." चिखलीहून येईतो काय होईल, हे दोघांनाही कळत होते.
लग्नाचे विचारले. "लग्नाने बसणार नाही. बाळंतपणात जिवाला धोका आहे." मान खाली घालून म्हणाली.
इतके दिवस मूळ सापडावे म्हणत होतो.

कार्तिक शु. २, चिखली
थांबले एकदाचे. इंदू ओसरीवर बसते. पायऱ्या चढताना धाप लागते.
आक्काला म्हटले, मोताळ्याला सांगावे लागेल.
"सांगशील तं पोरगी जलमभर घरी राहीन. नाही सांगशील तं..." नंतर चुलीपाशी पदराने डोळे पुसत होती. तिचेही चुकत नाही. माझ्यामागे इंदूला कोण?

कार्तिक शु. ९
तुळशीचे लग्न झाले की मोताळ्याची मंडळी येणार, निरोप आला. "या" म्हटले. दुखण्याचे कळवले नाही.
संध्याकाळी इंदू वाती वळत होती. वर न पाहता म्हणाली, "बाबा, आईचंही असंच होतं?"
हो म्हटले.
पुढचा प्रश्न येईल म्हणून बसून राहिलो. ती वाती वळत राहिली.