निकेशचा निर्वंश

३ ऑगस्ट २०२५, रविवार
पाच महिन्यांनी लाइन आळीत गुरुदत्तच्या क्लासवर गेलो. वरच्या खोलीत दर रविवारी चार वाजता जेकबचा खेळ असायचा. जेकब माझा धाकटा भाऊ. ६ मार्चला गेला. हार्ट. वय पंचेचाळीस.

खेळ त्यानेच रचलेला. फासे, कागद आणि काल्पनिक जमाती. त्या जमातींत कोणाचं लग्न कोणाशी होतं, मुलं कशी होतात, घरची चूल कोणाकडे जाते, असलं सगळं. चौदा वर्षं हाच उद्योग.

मी त्याचे फासे परत आणायला गेलो होतो. दार उघडलं तर खेळ चालू. आणि जेकबच्या हातवाल्या खुर्चीत निकेश.

निकेश हा जेकबचा मित्र. करंजा गावचा, कंटेनर यार्डात नोकरीला. मार्चमध्ये कबरीवर माती टाकताना फावडं माझ्या आधी यानेच उचललं होतं. तो मान सख्ख्या भावाचा. तो म्हणाला, या दादा. मी त्याचा दादा नाही.

फासे न घेता परत आलो.

ठराव: निकेशला त्या खुर्चीतून उठवायचं. सर्वांसमोर. माफी मागून नाही, लाजून उठला पाहिजे.

४ ऑगस्ट
खेळाचे सगळे नियम जेकबच्या रजिस्टरमध्ये आहेत. रजिस्टर माझ्या कपाटात आहे. ते द्यायचं नाही. खेळ आपोआप बंद.

रात्री ८
इलानाने चौकशी केली. (बायको. तिला मी सांगितलं नव्हतं, तरी कळलं.) त्या ग्रुपमधली कोमल, दातांची डॉक्टर, प्रत्येक नवीन पानाचा फोटो काढून ठेवायची. सगळं रजिस्टर सगळ्यांच्या फोनमध्ये आहे.

नवीन योजना हवी.

६ ऑगस्ट
शत्रूचा कायदा वाचतो आहे. एकशे अठरा पानं आहेत. जेकबचं अक्षर शाळेत होतं तसंच, चढावर चाललेलं.

मुख्य जमाती तीन. कातळे: दगडी माणसं. प्रमुख सोडून, लग्नानंतर नवरा बायकोच्या घरी जातो. उंचाडे: चारशे वर्षं जगतात, म्हणून साखरपुडाच चाळीस वर्षांचा. गुरुदत्तचा उंचाडा २०१९ पासून ठरलेल्या लग्नात अडकला आहे. तिसरे पाणसरी, म्हणजे सरळ बेडूक. नवरी गाणं ऐकून तीन नवरे निवडते. सर्वात वाईट गाणाऱ्याकडे घर सांभाळायला देते. अंडी एकाच तळ्यात, त्यामुळे सगळे बाप सगळ्यांचे.

दोन जमातींच्या संकरातून होणाऱ्या मुलाला अधला म्हणतात. कोणाचा कोणाशी संकर होतो याचा तक्ता पान ४० वर आहे. उंचाडे आणि पाणसरी यांचा होत नाही. कारण: 'साखरपुडा संपेपर्यंत पाणसरी मरून जाते.'

हे वाचून मी हसलो नाही. ठसका लागला होता.

इलाना म्हणाली, हे तेव्हा वाचलं असतं तर भांडण झालं नसतं. मी भांडलो नव्हतो. २३ फेब्रुवारीला सोसायटीच्या फॉर्मवर जेकबची सही घ्यायला क्लासवर गेलो होतो. पंचेचाळीस वर्षांच्या माणसाने बेडकांची लग्नं लावत बसू नये, एवढंच म्हणालो. तिथे चार माणसं होती हा माझा दोष नाही. ती चर्चा होती. जेकब म्हणाला, "दादा, एकदा बसून तर बघ." मला वेळ नव्हता. सहीसाठी काढलेलं माझं ड्रॉइंगचं पेन, ०.३ चं, तिथेच राहिलं. तेही या लोकांनी ढापलं आहे. हिशेबात धरावं.

१० ऑगस्ट, रविवार
शत्रूच्या गोटात प्रवेश केला. म्हणालो, मी खेळीन. कोणीच आश्चर्य दाखवलं नाही. हे संशयास्पद आहे.

योजना अशी. निकेशचं पात्र धोंडार, कातळ्यांचा प्रमुख, अजून बिनलग्नाचा. त्याला बेडकीण करून द्यायची. मुलं अधली होतील. अधल्याला चूल कशी मिळेल? वंश खलास. निर्वंश झालेल्या प्रमुखाने खुर्चीत कोणत्या तोंडाने बसायचं?

कोमलने फाइलमधून एक तयार पात्र काढून दिलं. पाणसरी आजी, नाव ओलीबाई. जेकबने करून ठेवलेलं, कोणी घेतलं नव्हतं. स्वभाव: 'फार बोलत नाही. सगळं सरळ रेषेत हवं असतं. मनात धरून ठेवते. तळ्याच्या काठावर बसते, पाण्यात उतरत नाही.' जेकबने हे कोणावरून घेतलं कळत नाही. अशी माणसं कोणाला आवडणार? पण सुडासाठी चालेल.

१७ ऑगस्ट, रविवार
लग्न लागलं! ओलीबाईची मुलगी आणि धोंडार. निकेश एका शब्दात तयार झाला. फासे टाकले, बारा पिल्लं. बाराही अधली. मी वहीवर बोटांनी ताल धरला होता असं गुरुदत्त म्हणतो. असेल.

मग मी उभा राहून जाहीर केलं की अधल्यांना कातळ्यांची चूल मिळत नाही, सबब धोंडारचा वंश संपला.

कोमल म्हणाली, काका, पान ६१ बघा ना.

पान ६१: 'कातळे रक्त मोजत नाहीत. ज्याने एका चुलीवर तीन हिवाळे जेवण केलं, तो त्या घरचा.'

म्हणजे बाराही वारस. निकेशची चूल खेळात सर्वात मोठी झाली. त्यात पुढचं वाक्य: 'पाणसरी आईची पिल्लं कोरडी पडली तर दगावतात. पहिला हिवाळा आजीने येऊन ती ओली ठेवावीत.' हिवाळा म्हणजे तीन रविवार.

आजी मी आहे.

२४ ऑगस्ट, रविवार
पिल्लं ओली ठेवली. प्रत्येक डावाला प्रत्येक पिल्लासाठी फासा टाकावा लागतो. दोनच्या खाली आला तर पाणी आणायला जायचं. चार तासांत माझा सूड तसूभर पुढे सरकला नाही. सातवं पिल्लू सारखं कोरडं पडतं. गुरुदत्त म्हणाला, जाऊ द्या एक बेडूक, अकरा आहेत. मी त्याला सांगितलं की बेडूक नाही, पाणसरी. नियमात राहून बोलावं.

२६ ऑगस्ट
नवी योजना, आणि ही पक्की. पान ४० चा संकराचा तक्ता जेकबने हाताने, वाकडातिकडा काढला आहे. मी ड्राफ्ट्समन. तो मोठ्या शीटवर नव्याने काढून देतो. आणि काढताना एकच रेघ बदलतो: कातळे आणि पाणसरी, 'होत नाही'. लग्न बेकायदा. निकेशला कळणारही नाही. शांत माणसाचा सूड असा असतो.

३१ ऑगस्ट, रविवार
खेळ नाही. गौरी आल्या, निकेश करंजाला गेला आहे. त्याने माणसाबरोबर मासे पाठवले. सगळे खवल्यांचे. आपल्या ज्यू घरांत खवल्यांचेच चालतात, हे त्याला माहीत आहे. कोणी सांगितलं? जेकबने. जेकबने याला घरचं काय काय सांगितलं असेल?

मी खाणार नव्हतो. इलानाने तळले. दोन तुकड्या खाल्ल्या, तपासापुरत्या. ताजे होते. त्यात त्याचं कर्तृत्व काही नाही.

७ सप्टेंबर, रविवार
पिल्लं. सातव्यासाठी अकरा वेळा पाणी. वाचलं.

निकेशने विचारलं, दादा, सातवीचं नाव काय ठेवायचं? मी म्हणालो, मला वेळ नाही. घरी आल्यावर तीन नावं सुचली, पण ती त्याला कशाला सांगू.

१३ सप्टेंबर
रात्री, शब्बाथ (शनिवारचा विसावा) सुटल्यावर, तक्ता पूर्ण. दोन वेळा ती एक रेघ चुकीची काढायला बसलो. हात चालत नाही. अठ्ठावीस वर्षांत माझ्या हातून चुकीचं ड्रॉइंग बाहेर गेलेलं नाही, ते निकेशसाठी कशाला जाऊ देऊ? बरोबर काढला. सुडाला दुसरी जागा शोधू.

१४ सप्टेंबर, रविवार
तक्ता त्यांनी भिंतीवर लावला. कोपरे निकेशने चिकटवले, एक खाली. मी पाहत राहिलो, मग राहवलं नाही, जाऊन सरळ केला. गुरुदत्त म्हणाला, आता पहिल्यांदा कळलं की माझं लग्न का होत नाही. सगळे हसले.

निकेश म्हणाला, जेकबने ह्यो बघायला पायजे व्हता.

हे म्हणायचा हक्क त्याला नाही. हक्काच्या माणसाने म्हणायचं राहून गेलं म्हणून कोणीही म्हणावं का?

पिल्लांचा पहिला हिवाळा संपला. बाराही जगली. शत्रूचा वंश माझ्या हाताने वाढला, हे मी कोणाला सांगणार नाही.

१९ सप्टेंबर
सापडलं!

शेवटचं पान, ११८. कातळ्यांचे मरणाचे रिवाज. मी लग्नाच्या पानांत अडकलो होतो, इथपर्यंत नीट आलोच नव्हतो. उतरवून घेतो:

'माणूस गेला की त्याच्या जागी मुलगा बसत नाही, मित्रही नाही. ज्याच्याशी त्याचं शेवटचं भांडण झालं, त्यानेच त्या जागी बसावं.'

झालं. निकेश मित्र आहे. त्याने जेकबशी भांडण केल्याचं कोणी ऐकलेलं नाही. म्हणजे तो बेकायदा बसला आहे. खाली आणखी पाच ओळी आहेत, किरकोळ.

एक गोष्ट नोंदवतो. बाकी रजिस्टर बॉलपेनने आहे. हे एकच पान बारीक, एकसारख्या रेघेत. ०.३. म्हणजे माझं पेन इथे वापरलं गेलं. चोरीचा पुरावाही त्याच पानावर मिळाला.

जेकबला शेवटी शेवटी निकेशचा डाव कळला असावा. म्हणून त्याने हे लिहून ठेवलं. माझ्यासाठी.

२२ सप्टेंबर
उद्यापासून आमचं नवीन वर्ष. सिनेगॉगमध्ये नऊच पुरुष जमले होते, प्रार्थनेला दहा लागतात म्हणून दहाव्यासाठी वीस मिनिटं थांबलो. दहावा कोण असायचा ते सगळ्यांना माहीत होतं.

इलानाने गव्हाच्या चिकाचा हलवा केला. जेकब दरवर्षी एक ताट रविवारी घेऊन जायचा. तिने विचारलं, यंदा तुम्ही नेणार का? मी म्हणालो, ज्याला आज ना उद्या उठवायचं त्याला हलवा?

२८ सप्टेंबर, रविवार, सकाळ
आज. भाषण पाठ आहे. साडेतीन मिनिटं. आवाज चढवायचा नाही. पिशवीत रजिस्टर. इलानाने खाली हलव्याचा डबा ठेवला आहे, काढायला वेळ नाही.

त्याच दिवशी, रात्री
झोप येत नाही म्हणून लिहितो. जसं घडलं तसं.

खेळ सुरू व्हायच्या आधी उभा राहिलो. पान ११८ ची पहिली ओळ वाचली. निकेशला विचारलं, तुझं जेकबशी कधी भांडण झालं?

तो म्हणाला, "कवाच नाय, दादा."

मग ऊठ, असं मी म्हणालो. भाषणातलं बाकी काही आठवलं नाही.

तो उठला. लगेच. लाजला नाही. उलट पाठ ताणली, जसा माणूस ड्यूटी संपल्यावर ताणतो. मी जिंकलो होतो. खुर्ची रिकामी, कोणी हलेना. गुरुदत्त तक्त्याकडे बघत होता. मी म्हणालो, आता नियमाप्रमाणे ज्याचं शेवटचं भांडण झालं असेल त्याने बसावं.

माझ्याकडे कोणी बघत नव्हतं. फार व्यवस्थित बघत नव्हते.

कोमलने उरलेल्या ओळी फोनवरून वाचल्या. 'ती जागा एक दिवसही रिकामी राहू नये. भांडणारा येईपर्यंत घरातल्या कोणीतरी ती राखावी. बसणाऱ्याने चुलीवरच्या कोणाचाही सूड घेऊ नये. भांडण मिटेपर्यंत त्याने मृताचं काम करावं. मिटलं की नाही, हे मृताने सांगावं.' म्हणाली, हे जेकबने २ मार्चला वाचून दाखवलं होतं. शेवटच्या रविवारी.

ती चर्चा होती, असं मी सांगणार होतो. तोंड उघडलंही.

निकेश म्हणाला, "बसा दादा. पाच म्हयने राखली."

त्याने सात म्हणायला हवं होतं. महिने सात झाले. पण मी दुरुस्त केलं नाही. आधी मोजले, मग कोमलकडून कळलं की मार्च-एप्रिल दोन महिने त्यांच्यातलं कोणीच तिथे आलं नव्हतं.

मी बसलो. खुर्चीचा डावा हात ढिला आहे. हलव्याचा डबा कोणी उघडला ते पाहिलं नाही.

१ ऑक्टोबर
संध्याकाळपासून योम किप्पूर, प्रायश्चित्ताचा दिवस. उद्या दोन ऑक्टोबर, ऑफिसला सुट्टीच आहे, रजा वाचली. ज्याचं मन दुखावलं त्याच्याकडे आधी जाऊन माफी मागायची असते. दुपारी निकेशला फोन केला. फावड्याचं काही बोललो नाही. सातवीचं नाव सांगितलं. तो म्हणाला, चांगलं हाय.

दुसऱ्या ठिकाणी फोन लागत नाही.

५ ऑक्टोबर, रविवार
फाशांच्या डब्यात माझं पेन सापडलं. टोपण घट्ट लावलेलं होतं. जेकब आयुष्यात कशाचं टोपण लावत नसे.

खेळातला काळ भरभर जातो. ओलीबाईच्या सहा नाती लग्नाच्या झाल्या. खुर्चीत बसणाऱ्याने लग्न लावायचं असतं, आणि नवऱ्यांची गाणीही त्यानेच म्हणायची असतात. अठरा गाणी. सर्वात वाईट गाणाऱ्याला घर मिळतं, त्यामुळे निवड करणं सर्वांना अवघड गेलं. धोंडारची चूल आता बत्तीस जणांची. निर्वंश लांबणीवर.

निघताना कोमलने विचारलं, काका, भांडण मिटलं का?

अजून त्याने काही कळवलेलं नाही, असं सांगितलं. पुढच्या रविवारीही यावं लागेल.