रुचिकाची सालवही परत मिळण्याबाबत

दिनांक: ९ एप्रिल २०१८

प्रति,
मा. कक्ष अधिकारी,
इतिहास नियोजन तपासणी कक्ष,
स्टेशनमागील जुनी इमारत, डहाणू रोड,
जि. पालघर.

विषय: इयत्ता सातवीच्या इतिहासाच्या तासिकेतून जप्त केलेली वही (एक) ३१ मेपूर्वी परत देण्याबाबत.

संदर्भ: १) आपल्या कक्षाचे पत्र क्र. इनितक/जप्त/४१, दि. १९ मार्च २०१८.
२) अर्जदाराचे यापूर्वीचे सहा अर्ज. त्यांचे दिनांक आपल्या आवक नोंदवहीत असतीलच.

अर्जदार: अमृत झिपरू वरठा, पदवीधर शिक्षक (सामाजिक शास्त्रे), उंबरमाळ पाडा शाळा, ता. तलासरी.

महोदय,

१. अर्जदार चौतीस वर्षे सहावी ते आठवीला इतिहास शिकवत आहे. स्वभावाने मवाळ आहे. या काळात मुख्याध्यापक बदलले, पुस्तके बदलली, खडूचा फळा जाऊन पांढरा फळा आला आणि मार्कर संपल्यावर पुन्हा खडूचा आला. अर्जदार कोणाशीही भांडला नाही. हे आधीच नमूद करण्याचे कारण, संदर्भ क्र. १ च्या पत्रात अर्जदारास ‘कार्यालयीन अभिलेखाविषयी अविश्वास पसरवणारा’ असे म्हटले आहे. ते वाचून हसावे की रडावे हे अर्जदाराच्या घरी कोणाला कळेना. घरच्यांचा आरोप नेमका उलटा आहे. शिक्का दिसला की हा माणूस मान डोलावतो, असे ते म्हणतात.

२. जून २०१७ मध्ये सातवीचे पुस्तक नवे आले, म्हणून वार्षिक नियोजनही नवे करावयाचे होते. आपल्या कक्षाकडून एक नमुना नियोजन आले. त्यात ‘परिसर भेट’ या रकान्यात ‘गावाची वेस, पेठ व नदीवरील घाट’ असे छापलेले होते. उंबरमाळ पाड्याला वेस नाही, पेठ नाही, आणि नदी म्हणावी तर ती जानेवारीतच आटते. शेवटच्या पानावर कोणा परजिल्ह्यातील मुख्याध्यापकांची सही होती. ती खोडायची राहून गेली असावी. ही तक्रार नव्हे. अर्जदाराने ते नियोजन नीट घडी घालून कपाटात ठेवले आणि चार रविवार बसून स्वतःचे केले. ‘इतिहासाची साधने’ या भागाला त्याने सहा तासिका दिल्या. लेखी, भौतिक, मौखिक हे तीन शब्द मुले दरवर्षी पाठ करतात आणि दिवाळीच्या सुट्टीत विसरून येतात. म्हणून राजेरजवाड्यांकडे जाण्याआधी पोरांनी आपापलाच इतिहास मांडावा, असे त्याने ठरवले. घटकाचे नाव ठेवले ‘माझे साल’. सगळे रामायण इथून सुरू झाले.

३. पहिल्या तासिकेला वर्गात या खिडकीपासून त्या खिडकीपर्यंत सुतळी बांधली. जानेवारी एका टोकाला, डिसेंबर दुसऱ्या टोकाला. प्रत्येकाने शाळेच्या नोंदवहीतली आपली जन्मतारीख कागदावर लिहून योग्य जागी अडकवायची होती. पटावर चौतीस मुले. त्यांपैकी एकोणतीस जणांचे कागद एकाच जागी आले, एक जूनला. सुतळी तिथेच खाली लोंबली आणि दोन्हीकडे मोकळी राहिली. वर्गात हशा पिकला. अर्जदारही हसला, हे तो लपवत नाही. मग रुचिका नावाची मुलगी उठली. तिने विचारले, “गुरुजी, एका दिवशी आमच्या पाड्यात इतकी पोरं झाली, तर सुईण एकटी पुरली कशी?”

महोदय, एक जूनचे गुपित आपणांस काय सांगावे. पहिलीत घालायला आलेल्या आईबापाला तारीख सांगता येत नाही. शाळा जूनमध्ये उघडते. समोर रांग असते, रकाना रिकामा ठेवता येत नाही, आणि लिहिणारा लिहून मोकळा होतो. दुसऱ्या दिवशी रुचिकाने ऑफिसात जाऊन मूळ नोंदवही पाहिली. सन २०११ च्या पानावर तिच्या नावापुढचा आकडा बघून ती वर्गात आली आणि अर्जदाराच्या टेबलापाशी हळूच म्हणाली, “अक्षर तुमचंच आहे ना, गुरुजी?”

अक्षर अर्जदाराचेच होते. त्या घटकेला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरे, असे त्याला वाटले. परंतु चौतीस वर्षांत इतका चांगला प्रश्न त्याच्या वर्गात कोणी विचारलेला नाही, हेही त्याला त्याच क्षणी वाटले. त्याने तो प्रश्न फळ्यावर लिहिला आणि त्याखाली तीन उपप्रश्न दिले: हे कोणी लिहिले? कोणासाठी लिहिले? लिहिताना त्याची अडचण काय होती? सातवीच्या वर्गाला लेखी साधन याहून सोपे करून कसे सांगावे, हे अर्जदारास आजही सुचत नाही.

४. पुढच्या तासिकांना मुले घरोघर गेली. तारीख विचारायची नाही, साल विचारायचे, असे ठरले होते. तारीख विचारली की आमच्या म्हाताऱ्यांची दातखीळ बसते. साल विचारले की ते पाय पसरून बसतात आणि चहा सांगतात. ते सगळे लिहून घ्यायला रुचिकाने दोनशे पानी वही केली आणि तीवर ‘सालवही’ असे नाव घातले. त्रेचाळीस माणसांची सांगणी तिच्यात उतरली. तिचा आजोबा चैत्या याने सांगितले, “आई महालक्ष्मीच्या जत्रेतून चालत येत होती. नदीच्या अलीकडं कळा सुरू झाल्या. बायांनी लुगडी आडवी धरली, आणि मी झालो. चैत्रात झालो म्हणून चैत्या. माझं नाव हीच माझी तारीख. तुला आणखी कागद कशाला?” रुचिका स्वतः गौरीच्या सणात झाली, हेही त्यानेच सांगितले. नातीने ते त्याच्याच शब्दांत लिहिले आणि खाली त्याचा अंगठा घेतला.

सतराव्या पानावर अर्जदाराच्या आईचे, नवशीचे, सांगणे आहे. त्याविषयी पुढे येईल.

५. इथवर इतिहास होता. पुढे भानगड झाली. मुलांनी घरी जाऊन सांगितले की शाळेच्या वहीत आपला महिना चुकला आहे. एक पालक आला, मग चार आले, आणि आठवड्याभरात अठ्ठावीस जण ऑफिसच्या दारात उभे. कोणी भांडायला आले नव्हते. आमचा महिना तेवढा नीट लिहून द्या, एवढेच त्यांचे मागणे होते. मुख्याध्यापकांचे डोळे पांढरे झाले. त्यांनी कक्षाला फोन केला आणि दि. १४ सप्टेंबर २०१७ रोजी आपले तपासनीस आले. त्यांनी सुतळी पाहिली, फळा पाहिला, आणि वही मागितली.

रुचिका वही छातीशी धरून उभी होती, देईना. तपासनीस मुलीच्या हातून कशी हिसकावणार? ते अर्जदाराकडे बघत राहिले. तेव्हा अर्जदाराने पुढे होऊन, “दे बाळा, साहेब वाचून परत देतील,” असे म्हणत ती वही स्वतःच्या हाताने सोडवून त्यांना दिली. पावतीवर ‘आक्षेपार्ह साहित्य: वही १’ असे लिहिले आहे. आज या गोष्टीस सात महिने होत आले. रोज सकाळी प्रार्थनेच्या रांगेतून ती मुलगी अर्जदाराकडे बघते. पहिले दोन महिने “वही आली?” असे विचारायची. आता विचारत नाही, आणि तेच अर्जदारास सोसवत नाही.

६. त्यानंतरचा पत्रव्यवहार आपल्या दप्तरी आहेच. तरी तो एका जागी मांडलेला आपण पाहिला नसावा, म्हणून थोडक्यात:

नोव्हेंबरमध्ये कक्षाने सुतळी मागवली. अर्जदाराने ती गुंडाळून, वेष्टनात घालून, अग्रेषण पत्रासह सादर केली. ‘सुतळी एक, अंदाजे सात मीटर, गाठींसह’ अशी पोच मिळाली. डिसेंबरमध्ये विचारणा झाली की गाठी कोणत्या अधिकारात मारल्या. उत्तर दिले.

त्यानंतर सालवहीतील त्रेचाळीसही जणांनी आपल्या सांगण्याच्या पुष्ट्यर्थ जन्माचा दाखला सादर करावा, असा आदेश झाला. दाखले असते तर सालवही कशाला लागली असती? म्हाताऱ्यांनी आधार कार्डे आणून दिली. त्यांतल्या छत्तीस जणांचा जन्म एक जानेवारीचा निघाला. म्हणजे आमच्या पाड्यात आजे सगळे जानेवारीत जन्मले आणि नातवंडे सगळी जूनमध्ये. बाकीचे दहा महिने कोणी जन्मलेच नाही. अर्जदाराने कपाळाला हात लावला.

मग चैत्याला दि. २२ जानेवारी २०१८ रोजी सुनावणीस हजर राहण्याची नोटीस आली. चैत्या दि. ९ जानेवारीला वारला. अर्जदाराने तसे लेखी कळवले. कक्षाचे उत्तर आले की ‘संबंधित इसम सुनावणीस गैरहजर राहिल्याने त्याचे कथन विचारातून वगळण्यात येत आहे.’ महोदय, हे पत्र अर्जदाराने रुचिकाला दाखवलेले नाही. त्या घरात चैत्याचा फोटो नाही. त्याचा आवाज म्हणावा तर त्या वहीतली दीड पाने आहेत, आणि त्याखाली त्याचा अंगठा आहे. हनुमान जयंतीला सुरू झालेल्या महालक्ष्मीच्या जत्रेला ती मुलगी गेली नाही. आजा जिथे जन्मला ती नदीअलीकडची जागा तो तिला यंदा दाखवणार होता. ती जागा कोणती, ते फक्त वहीत आहे.

७. आता संदर्भ क्र. १ चे पत्र. त्यानुसार अर्जदाराने हमीपत्र दिल्यास वही परत मिळू शकते. हमीपत्राचा मजकूर कक्षाने तयारच पाठवला आहे: ‘शाळेच्या व सेवेच्या नोंदींतील सर्व जन्मतारखा खऱ्या व बिनचूक आहेत. वहीतील मजकूर ऐकीव व निराधार आहे. सबब “माझे साल” हा घटक नियोजनातून वगळण्यात यावा.’

तीन वाक्ये आहेत. अर्जदार तीन आठवडे ती खिशात घालून हिंडला.

अर्जदाराची सेवापुस्तकातली जन्मतारीखही एक जून आहे, सन १९६०. त्यालाही कोणा गुरुजींनी रांगेत उभे असतानाच जन्माला घातले. म्हणून येत्या ३१ मे रोजी तो निवृत्त होत आहे. सालवहीच्या सतराव्या पानावर त्याची आई नवशी सांगते, “गुजरात वेगळं झालं त्या साली, दिवाळी होऊन गेली होती, भात खळ्यावर होतं. झोडणी टाकून मी घरात गेले आणि अमृत झाला.” म्हणजे नोव्हेंबर १९६०. हे खरे धरले तर अर्जदारास आणखी सहा महिने वर्गात मिळाले असते, आणि हीच मुले आठवीत गेल्यावर पहिल्या सत्रात हा घटक पुरा झाला असता. तथापि अर्जदार मुदतवाढ मागत नाही. ती तारीख बदलण्याची वेळ नियमाप्रमाणे केव्हाच टळून गेली आहे, हे तो जाणतो. फक्त हमीपत्रावर सही करणे म्हणजे आपल्या जिवंत आईला निराधार ठरवणे आहे, एवढे आपल्या निदर्शनास आणून देत आहे. ती ब्याऐंशीच्या आसपास आहे. तिने विचारले, “काय रे, कसला कागद आहे?” अर्जदाराने “रजेचा” असे सांगितले.

वही मात्र ३१ मेच्या आत मिळाली पाहिजे. एक जूनपासून अर्जदार सेवेत नसेल, आणि सेवेत नसलेल्या माणसाच्या अर्जाचे काय होते हे त्याने चौतीस वर्षे पाहिले आहे. मग त्या मुलीसाठी डहाणू रोडला खेपा कोण घालणार? आपणही हे जाणता. आपल्या कक्षातही ३१ मे रोजी तीन निरोप समारंभ एकाच मांडवात होणार असून त्यांत आपले नाव आहे, असे शिपायाकडून कळले.

सबब, अर्जदाराने हमीपत्रावर सही केली आहे. ते सोबत जोडले आहे. सहा तासिकांची मागणी तो मागे घेत आहे. पुढील वर्षीच्या नियोजनात वेस, पेठ व घाट हेच राहू द्यावे. जमल्यास एक तासिका सुतळीसाठी ठेवावी. एक न जमल्यास अर्धी. तीही न जमल्यास अर्जदाराचे म्हणणे नाही. वही मात्र पाने न फाडता, अंगठ्यावर शिक्का न मारता, रुचिकाच्याच हातात द्यावी आणि पोच तिच्या सहीने घ्यावी. तिला सही येते.

हे हमीपत्र उद्या लेखी साधन होईल आणि कधी ना कधी तिच्या वाचनात येईल, याची अर्जदारास कल्पना आहे. त्याचे अक्षर ती ओळखते. कोणी लिहिले, कोणासाठी लिहिले, लिहिताना त्याची अडचण काय होती, हे तीन प्रश्न त्यानेच तिला शिकवले आहेत. ते विचारल्याशिवाय ती राहणार नाही, एवढ्या भरवशावर त्याने सही केली.

आपल्या उत्तराची वाट पाहणारा,
आपला नम्र,

(सही)
अमृत झिपरू वरठा
जन्म: सेवापुस्तकाप्रमाणे

सोबत:
१. हमीपत्र, सहीसह.
२. सुतळीची पोच, साक्षांकित प्रत. सुतळी परत नको.
३. चैत्या याच्या मृत्यूचा दाखला. (वयाच्या रकान्यात ‘अंदाजे’ असे आहे.)
४. कोरी वही, एक. ही रुचिकाने दिली आहे. तिचे म्हणणे, साहेबांनी घरी विचारून आपले साल हिच्यात लिहावे.