जशी आहे तशी ठकी

आप्पा,

ठकी हरवली आहे. बाजारात माझा हात सोडून पुढे धावली आणि पुन्हा दिसलीच नाही.

भिंतीवरचा तिचा फोटो नेऊन सगळीकडे दाखवला. चपलांच्या दुकानातला माणूस म्हणाला, "कुरळ्या केसांची एक काळी पोर रडत पुलाकडे गेली खरी, पण ही नव्हे. ही तर चांगली गोरी आहे." पुलापाशी ती नव्हती. तिचे बाबा चौकीत तक्रार द्यायला गेले, तर त्यांनाच तिथे बसवून ठेवलंय. आधी फोटो, मग त्यांचा काळा रंग बघून विचारताहेत, "ही तुझी कशी?"

घरातले सगळे फोटो काढून पाहिले. प्रत्येकात तुम्ही नातीला उजळ केलंय, केस ब्रशने चापून बसवलेत. लाडाने केलंत, तेही ठाऊक आहे मला. आता भांडायला वेळ नाही.

चपला काढू नका, तसेच खाली स्टुडिओत जा. निगेटिव्ह तुमच्याकडे असणारच. फोटो धुताना कुठेही हात फिरवू नका, पाया पडते तुमच्या. ठकी जशी आहे तशी येऊ द्या. ओला फोटो घेऊनच चौकीत पळा आणि सगळ्यांसमोर सांगा, हा माझा जावई आहे. आजवर कधी म्हणाला नाहीत, आज म्हणा.

शेजारच्या काकूंना पायरीवर बसवलंय, ठकी परतली तर म्हणून. मी पुन्हा पुलाकडे जाते. अंधार पडत चाललाय, आणि अख्खा बाजार एका गोऱ्या मुलीला शोधतोय.