लहान डोक्याच्या नोटा

ती. नेलिदाताईस,

धाकट्या ओस्वाल्डोचा मनापासून नमस्कार. तुझा गुडघा काय म्हणतो? भावोजींचा खोकला थांबला का? आम्ही बुएनोस आयरेसकर ठीक आहोत. तुझ्या भावजयीचा, आयदेचा, रक्तदाब तेवढा वर असतो आणि त्याचं कारण मी आहे, असं डॉक्टर म्हणतात (म्हणजे आयदे म्हणते, डॉक्टर नुसती मान हलवतात). हे पत्र फोटो काढून तुझ्या नातीच्या फोनवर पाठवतोय. तिच्याकडून वाचून घे, पण तिला हसू देऊ नकोस.

तुझं ऑपरेशन सोमवारी. मी त्याआधीच्या मंगळवारी येणार होतो, तो आता रविवारी संध्याकाळी तुझ्याकडे क्वेंकात पोहोचेन. लगेच रागावू नकोस. आईमागे तू मला वाढवलंस, आणि तुला भूल देताना मी शेजारी नसेन असं होणारच नाही. उशीर झाला तो डोक्यामुळे. माझ्या नव्हे, नोटेवरच्या गृहस्थांच्या.

तू इकडे आलीस की निघताना दर वेळी माझ्या खिशात शंभर डॉलरची नोट कोंबायचीस, आठवतं? त्या सगळ्या मी टोपीच्या खोक्यात जपून ठेवल्या होत्या. तुझ्या गुडघ्यासाठी महिनाभर नर्स ठेवायची आणि तिचा पगार मी द्यायचा, असं मी ठरवलं होतं. कॅफेत बसून ही गोष्ट मी रूलोला (तोच न्हावी, ज्याने तुझ्या लग्नात माझे केस बिघडवले) मोठ्या ऐटीत सांगितली. त्याने एक नोट उजेडात धरली आणि कोणी गेल्यासारखा चेहरा केला. "अरे, ही तर लहान डोक्याची! ही जुनी नोट आता कोण घेतंय? मोठ्या डोक्याची करून घे, नाहीतर परदेशात अडकशील."

मग सुरू झाली वणवण. फ्लोरिदा रस्त्यावर "बदला, बदला" ओरडणाऱ्या एकाने मला एका छत्र्यांच्या दुकानामागच्या गुहेत, म्हणजे चोरून डॉलर बदलतात त्या खोलीत, नेलं. तिथे काचेमागे एक बाई नळीने माते चहा पीत बसली होती. मोठी नोट हवी तर लहान नोटेच्या शंभरामागे सहा कापणार म्हणाली. "बाई, माणूस तोच, देश तोच, रक्कम तीच!" मी म्हटलं. "काका, डोकं लहान आहे ना." "त्याचं लहान असेल, तुमचं तर दिसतच नाहीये!" त्यानंतर त्या गुहेत मला खुर्चीसुद्धा मिळाली नाही. दुसऱ्या गुहेत सात. तिसऱ्यात मिशीवाल्याने नोट हुंगली आणि म्हणाला, "कापूर लावून ठेवली होती का?" (ठेवली होती. कसर लागू नये म्हणून.) वास येतो म्हणून आठ.

रूलो म्हणाला, "थांब, आठवडाभरात भाव चारवर येतो, आतली बातमी आहे." आपल्या लोकांना तू ओळखतेस. भाव उतरणार असं कोणी म्हटलं की आपण घरचं जेवणही थांबवतो. मी विमानाची तारीख पुढे ढकलली. त्यासाठी कंपनीने जे पैसे घेतले, त्यात सगळ्या नोटांची डोकी दोनदा मोठी झाली असती. आयदे त्या दिवसापासून माझ्याशी मांजरामार्फत बोलते. "सांग त्यांना, बहीण तिकडे वाट बघतेय आणि हे इथे भाव बघतायत." मला ते लागलं, ताई. खरंच लागलं. दुसऱ्या दिवशी उठून गेलो, भाव नऊ झाला होता, तरी सगळ्या नोटा बदलून टाकल्या. आता माझ्याकडे सगळे गृहस्थ टोपलीएवढ्या डोक्याचे आहेत. कमी आहेत, पण रुबाबदार आहेत.

भावोजींना नमस्कार, नातीला पापा. माते चहासाठी येर्बाची पत्ती आणि दुधाच्या गोड मलईच्या बरण्या घेतल्या आहेत.

तुझाच,
ओस्वाल्डो

ता. क. आत्ताच आयदे (थेट माझ्याशी, मांजराला वगळून) म्हणाली, "नेलिदावन्संच्या देशात तर चलनच डॉलर, भाजीवालीसुद्धा डॉलरच घेते. तिथे कोण डोकं मोजतंय?" ताई, तू त्याच देशातून लहान डोक्याच्या नोटा मला आणून द्यायचीस, हे मला या सगळ्या दिवसांत एकदाही सुचलं नाही. रूलोशी मी बोलणं सोडलं आहे.

ता. क. आणखी एक. आयदेला असंही कळलंय की तुमच्याकडचे वाणी शंभराची नोट बघूनच हात झटकतात, डोकं कितीही मोठं असो. तेव्हा नर्सबाईंना द्यायला सुटे तूच करून ठेव.

ता. क. शेवटचं. वर 'सगळ्या' म्हटलं खरं, पण एक नोट कोणीच घेतली नाही, नऊ कापूनही नाही. तुझी पहिली, जिच्या कडेला तू पेनाने लिहिलं होतंस, "ओस्वाल्डो, कोट घे." प्रत्येक गुहेने ती परत केली आणि प्रत्येक वेळी मला आतून बरं वाटलं. ती घेऊन येतोय. कोट मी अजून घेतलेला नाही, आणि क्वेंकात संध्याकाळी फार गारठा असतो म्हणे. विमानतळावर कोणाबरोबर तरी भावोजींचा जुना कोट पाठव. तू येऊ नकोस, गुडघा सांभाळ. (पण तू येशीलच, मला माहीत आहे.)